दर घराला एक गाणं

लावणी म्हणणाऱ्या बाईचा आवाज आधी बाईचा होता, मग बुवाचा झाला, मग रेड्याचा झाला, आणि तेवढ्यात माळाच्या पलीकडून सुरुंगवाल्याची तिसरी शिट्टी ऐकू आली. तिसरी शिट्टी म्हणजे वात पेटली. माझी धाकटी जाऊ तेव्हा चाळीस फूट खाली, विहिरीच्या तळाला उकिडवी बसून वाटीनं घागर भरत होती. टेप माझ्या मांडीवर होता. सासू दोर धरून काठावर उभी होती.

मी खाली वाकून ओरडले, "वर ये गं. सुरुंग पेटला."

खालून जाऊ म्हणाली, "गाणं चालू हाय की अजून."

तिचं बरोबर होतं. गाणं चालू होतं. त्या वर्षी आमच्या गावाचा नियमच होता की विहिरीत उतरलेल्या बाईनं वरच्यांच्या तोंडाचं ऐकायचं नाही, गाण्याचं ऐकायचं. आणि ते गाणं अजून का चालू होतं, हे तिथल्या सगळ्या बायकांत मला एकटीला माहीत होतं.

माझी नात लातूरला कॉलेजात आहे. वर्ष संपत आलं की ती त्या वर्षातल्या आवडत्या दहा अल्बमची यादी करते. पहिला कोणता, दहावा कोणता, का आवडला, का नाही, सगळं लिहून मैत्रिणींना पाठवते. मागच्या वर्षी मला म्हणाली, आजी, तुझी पण एक यादी सांग. मी म्हणाले, माझी एकाच वर्षाची आहे आणि पाचच कॅसेटींची आहे, पण आम्ही ती गाणी जेवढ्या बारकाईनं ऐकली तेवढी तुझ्या मैत्रिणींनी ऐकली नसतील. तिला वाटलं म्हातारी फुशारकी मारते. म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेवढ्यात बसेल तसं.

ते वर्ष आमचा जिल्हा नवा झाला त्याचं. आधी आम्ही उस्मानाबादचे होतो, मग लातूरचे झालो. घर, गोठा, उकिरडा, सगळं जागच्या जागी ठेवून आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. गावात पेढे वाटले. पेढा खाल्ला की घसा कोरडा पडतो, आणि पाणी तर नव्हतं, म्हणून बऱ्याच जणांनी नवा जिल्हा बराच वेळ तोंडातच धरून ठेवला.

पाऊस आदल्या वर्षी निम्मा पडला होता, त्या वर्षी त्याच्याही निम्मा. आड आटला. हातपंप दाबला की नुसता सुस्कारे टाकायचा. चार माणसं टँकर मागायला कचेरीत गेली. कोणत्या ते मी सांगत नाही, कारण तेव्हा सगळ्या कचेऱ्यांचं बोलणं सारखंच होतं. तिथल्या साहेबानं सांगितलं, तुमच्या गावाचे कागद जुन्या जिल्ह्यातून आलेले नाहीत, तोवर तुम्हाला इथं धरता येत नाही. माणसं जुन्या ठिकाणी गेली. तिथले म्हणाले, तुमचं गाव आता आमच्यात नाही. असं चार महिने आमचं गाव कुठंच नव्हतं. तहान मात्र चाकूरपासून दोन कोसांवर, जिथं होती तिथंच होती.

गावाला एका जुन्या विहिरीत तेवढं पाणी राहिलं होतं. पाणी म्हणजे तळाच्या खडकातून करंगळीएवढा झरा. रात्रभरात एक खड्डा भरायचा, आणि सकाळी एक बाई खाली उतरून वाटीनं घागर भरायची, वरची बाई दोरानं ओढून घ्यायची. दोघी एका वेळी उतरल्या तर पाणी गढूळ व्हायचं. म्हणून पाळ्या आल्या, आणि पाळ्या आल्या म्हणून भांडणं आली.

आधी ठरलं, दर घराला चार घागरी. दुसऱ्याच दिवशी बायकांनी लग्नातल्या घागरी काढल्या. एकीनं जी आणली ती घागर नव्हती, आमच्याकडं तिला रांजण म्हणतात. मग ठरलं, घड्याळ लावायचं. गावात चालू घड्याळ एक, शाळेतल्या मास्तरांच्या मनगटावर, आणि मास्तर शनिवारी दुपारी घड्याळासकट लातूरला जायचे ते सोमवारी यायचे. रविवारी गावात वेळ नसायची. त्या रविवारी दोन डोकी फुटली.

तेव्हा सरपंचांना माझा टेप आठवला.

टेप कुठून आला तेही सांगून टाकते. माझं माहेर अर्धापूरकडचं. केळीचा मळा, पाटाचं पाणी, उन्हाळ्यातही बांधावर चिखल. वडील गेल्यावर भावानं मला नांदेडला बोलावून घेतलं. बस स्टँडाजवळ त्याचं कॅसेटींचं दुकान होतं. गिऱ्हाईकानं सांगितलेली गाणी कोऱ्या कॅसेटीत भरून द्यायचा. त्यानं मला जेवू घातलं, केळीची भजी केली होती, आणि एका कागदावर माझी सही घेतली की बापाच्या जमिनीत मला काही नको. सही झाल्यावर लाल रंगाचा टेप आणि पाच कॅसेटी मांडीवर ठेवल्या. बहिणीला गाण्याचा लई शौक, असं तो बायकोला सांगत होता. शौक होता हे खरं. लोहा, अहमदपूर करत बस चाकूरला येईपर्यंत मी टेप मांडीवर घेऊन बसले होते आणि मला वाटत होतं की सौदा चांगला झाला. असली अक्कल मला फार उशिरा येते.

तर सरपंचांनी पंच बसवले आणि ठरवलं, दर घराला एक गाणं. गाणं सुरू झालं की वाटी पाण्यात, संपलं की वर यायचं. एकामागं एक गाणी लागतील, ज्याच्या नशिबी जे येईल ते. टेप मी सांभाळायचा. आणि वाढणाऱ्यानं शेवटी जेवावं या न्यायानं माझ्या घराची पाळी रोज शेवटची.

अशा तऱ्हेनं आमचं गाव गाण्याचं शौकीन झालं. आता यादी.

पहिली कव्वालीची कॅसेट. हैदराबादकडची. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, बस. एक कव्वाली अर्ध्या तासाची. पहिल्या दिवशी ती वेशीजवळच्या घराला लागली. त्या बाईनं घागरी भरल्या, पातेली भरली, लेकराच्या दुधाची बाटली भरली, वरून तिच्या नवऱ्यानं लोटा सोडला तोही भरला, आणि म्हणतात की त्या दिवशी त्यांच्या कुत्र्याला आंघोळ झाली. दुसऱ्या दिवसापासून ज्या बायका आधी माझ्या घरी कव्वाली लागली की टेप बंद कर म्हणायच्या, त्याच डोळे मिटून मान डोलवायला लागल्या. एक ओळ पंधरा वेळा म्हटली तर सोळाव्यांदा का म्हणत नाही म्हणून हळहळायच्या. गावातला पिंजारी चाचा तेवढा लांब बाभळीखाली बसून खरंच ऐकायचा. त्याला शब्द कळायचे. पंचांनी आठ दिवसांत कव्वाली बंद केली, तेव्हा वाईट वाटलं ते एकट्या त्याला. बाकीच्यांना राग आला, कारण त्यांची पाळी अजून यायची होती.

दुसरी कानडी भजनांची. माझी सासू निलंग्याच्या पलीकडची, तिला कानडी यायचं. आम्ही लिंगायत, त्यामुळं घरात ती भजनं होतीच. चाल संथ. दोन शब्दांच्या मध्ये बाई एक वाटी भरून दुसरी बुडवायची. सासू म्हणायची, देवाचं नाव घाईनं घेत नसतात. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमचा देव बरा निवांत हाय, आमचा मेला तीन मिनिटांत आरती उरकतो. पुढं तक्रार झाली की टेप लिंगायताच्या घरात असल्यामुळं भजनं जास्त लागतात. मी टेप उचलून सरपंचांच्या पायापाशी नेऊन ठेवला आणि म्हणाले, तुम्ही वाजवा. त्यांना बटणं कळेनात. तक्रार मिटली.

तिसरी सिनेमाची गाणी, भावानं रेडिओवरून उतरवलेली. त्यात मधे मधे निवेदिका बोलायची आणि जाहिराती होत्या. आता जाहिरात गाण्यात धरायची की नाही? यावर पंच दोन वेळा बसले. टँकरवर एकदाच बसले होते. शेवटी निकाल लागला की जाहिरात धरायची नाही, पण बाईनं वर यायलाही नको, वाटी खाली ठेवून हात वर करून बसायचं. मग केसांच्या तेलाची जाहिरात लागली की खाली तळाला बाई दोन्ही हात वर करून बसायची आणि वरून आठ-दहा जणी डोकावून बघायच्या की बोटं ओली तर करत नाही. नव्या जिल्ह्यात आम्हाला मिळालेला पहिला चोख कारभार तो.

चौथी सनई. वाजवणारा फार चांगला होता. पण शब्द नाहीत, त्यामुळं एक कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं हे कोणाला कळायचं नाही. खालची म्हणायची चालूच आहे, वरची म्हणायची दुसरं लागलं. पहिल्याच दिवशी दोघींची झोंबाझोंबी झाली. ती कॅसेट मी घरी फडताळात ठेवून दिली. नातीच्या यादीत असते ना, चांगलं पण लोकांना कळलं नाही असं एक, तसली ती.

पाचवी लावण्यांची. एका फडाची. सात लावण्या, एकेक तीन मिनिटांची. ढोलकी अशी की खाली बसलेल्या बाईचा हातही तालात चालायचा, त्यामुळं वाटी निम्मी सांडायची. ती कॅसेट आपल्या पाळीला लागू नये म्हणून बायका नवस बोलायच्या. त्या म्हणायच्या, ही बाई कुठं चालली एवढ्या घाईनं, हिच्या घरी नळ हाय का? पण खरं सांगायचं तर माझी सगळ्यात आवडती तीच. गाणाऱ्या बाईला वाटायचं ते ती तोंडावर म्हणायची आणि निघून जायची. पाणी मोजायला निरुपयोगी होती एवढाच तिचा दोष.

आता लबाडीचं. लबाडी आधी सगळ्यांनी केली, मी मागून केली, एवढं माझ्या बाजूनं लिहिते.

सुरुवातीला वरच्या बायका खालच्या बाईला ओरडून सांगायच्या, संपलं संपलं, वर ये. ती बिचारी वर यायची तर गाणं चालूच. मग कोणी म्हणायची साप दिसला. कोणी म्हणायची तुझं लेकरू पडलं. पुढं शंभर पावलांवर, माळाच्या उताराला, रोजगार हमीतून नवी विहीर खोदायला लागले आणि तिथं सुरुंग लावायला लागले, तेव्हा बायकांना नवं खोटं मिळालं, सुरुंग पेटला, वर ये. ते दोनदा चाललं. तिसऱ्यांदा पंचांनी कायदा केला. खालच्या बाईनं तोंडाचं काहीच ऐकायचं नाही. गाणं संपलं की वर. गाणं संपल्यावरही बसली तर उद्याची पाळी गेली. आणि सेल उतरून गाणं मधेच बंद पडलं तर ती बाईची चूक नाही, तिनं बसून राहायचं, सेल बदलून गाणं पुढं लागेल तेव्हा राहिलेली पाळी पुरी करायची.

सुरुंगवाला बाहेरचा होता, त्याच्याकडं घड्याळ होतं. पहिले काही दिवस तो माणूस पाठवून विहिरीवर बघून घ्यायचा. मग त्याला दिसलं की साडेदहाला आमचं सगळं आटोपतं. साडेदहाला काय आटोपतं, दहालाच आटोपायचं, पण ते सेल नवे असतानाचं. तो अकराला शिट्ट्या मारून वात लावायला लागला. त्याचं घड्याळ घड्याळासारखं चालत होतं. माझं माझ्यासारखं.

सेल उतरत आले की टेप हळू चालतो. हे मला आधी आपोआप कळलं. आमची पाळी शेवटी, तोवर सेल थकायचे, तीन मिनिटांचं गाणं चार मिनिटं चालायचं, जाऊ एक घागर जास्त भरायची. देवानं दिलं म्हणून आम्ही घेतलं. सेल गावानं वर्गणी काढून आणले होते, ते कधी उतरतील त्याला कोण काय करणार, असं बाकीच्यांनीही धरलं होतं. पण मग मी देवाला मदत करायला लागले. मेलेले सेल टाकून न देता पदरात बांधून ठेवायची. आमची पाळी आली की म्हणायची, सेल गरम झाले, जरा बदलते, आणि ते जुने घालायची. सासूला संशय होता. ती बोलली नाही. तिला चहा दोन वेळा मिळायला लागला होता. जावेला मात्र काही माहीत नव्हतं. ती सरळ होती आणि तिला गाण्यातलं काही कळायचं नाही. गाणं चालू आहे की बंद आहे, एवढंच ती ऐकायची.

त्या दिवशी मी तसं करायला नको होतं. रोज आमच्या पाळीला बायका आपापलं पाणी घेऊन गेलेल्या असायच्या. त्या दिवशी आवई उठली होती की टँकर येणार आहे आणि याच विहिरीत पाणी ओतणार आहे. त्यामुळं सगळ्या जणी रिकाम्या घागरी घेऊन काठावर बसल्या होत्या. रोजच्यापेक्षा उशीरही झाला होता, कारण जी ती मधेच उठून रस्त्याकडं बघत होती. आमच्या पाळीला नेमकी लावणी आली. मी मनात म्हटलं, तीन मिनिटांत काय होणार. सवयीनं पदराची गाठ सोडली आणि जुन्यातले जुने सेल घातले.

लावणीचं भजन झालं. बायका हसायला लागल्या. काकू म्हणाल्या, "अगं, हिला म्हातारपण आलं बघ गाता गाता."

दोन शिट्ट्या झाल्या तेव्हा मी ऐकल्या. मला वाटलं, होईल एवढ्यात. तिसरीला बायका घागरी टाकून पळाल्या, कारण नव्या विहिरीतले दगड उडून काठापर्यंत यायचे. आणि आमची विहीर जुनी, वरची बांधणी सुटलेली. प्रत्येक सुरुंगाला तिच्यातनं दोन-चार दगड तळाला पडायचेच. बाई खाली नसताना त्याचं काही वाटत नसे.

मी ओरडले, ती म्हणाली गाणं चालू आहे, तिथवर सांगितलंच आहे.

मग मी टेप बंद केला. मला वाटलं आता येईल. ती तशीच बसली. वाटी मांडीवर घेतली, दोन्ही हात वर केले, जाहिरातीत करतात तसे, आणि वर बघून म्हणाली, "सेल गेले का? बदला अक्का, मी बसते."

सासू म्हणाली, "अगं ये की वर, मरशील." जाऊ म्हणाली, आत्याबाई, मागच्या बारीला असंच म्हणून या बायकांनी आपली निम्मी पाळी खाल्ली. तेही खरं होतं.

नात मला विचारते, मग तू किती वेळ गप्प होतीस? मला तिच्याशी खोटं बोलता आलं असतं. लावणीच्या दोन ओळी होतील एवढा वेळ मी गप्प होते. त्या वेळात मी काय केलं तर आजूबाजूला बघितलं, कोण कोण ऐकायला आहे. माळावर पळता पळता तीन जणी थांबून मागं बघत होत्या. त्यात काकू होत्या. साप, सुरुंग, लेकरू, सगळं खोटं गावानं आधीच वापरून संपवलं होतं. जावेला वर आणायला माझ्याकडं एकच गोष्ट उरली होती, आणि ती बोलले की गावात माझी इज्जत उरणार नव्हती. ती वात किती लांब होती हे मला माहीत नव्हतं. तरी मी इज्जतीचा विचार दोन ओळी केला.

मग म्हणाले, "तुझी पाळी केव्हाच संपली. मी सेल मुद्दाम मेलेले घातले. रोज घालते. आता बसलीस तर उद्याची पाळी जाईल."

ती माझ्याकडं बघत राहिली. खालून मी तिला कशी दिसत असेन कोण जाणे, आभाळाच्या तुकड्यात एक डोकं. पण तिला कळलं. गावात इतकं खोटं झालं होतं, पण स्वतःला चोर ठरवणारं खोटं अजून कोणी बोललं नव्हतं.

ती उठली. घागर उचलायला वाकली. मी म्हणाले घागर सोड. तिनं सोडली नाही, दोराला अडकवली, मग म्हणाली, "ओढा आत्याबाई." तिथं मी तिला अशी शिवी दिली की जी मी माझ्या लेकरांसमोर कधी दिली नाही. तेव्हा तिनं घागर काढली, दोर कमरेला गुंडाळला आणि भिंतीतून पुढं आलेल्या दगडांवर पाय देत चढायला लागली. सासू आणि मी दोघी ओढत होतो. सासूचं वय तेव्हा साठीच्या पुढं. तिनं दोर हाताला दोन वेढे घेऊन धरला होता.

निम्म्यावर आली आणि जमीन हलली. आवाज मला आठवत नाही, हादरा आठवतो, दातांत बसलेला. विहिरीच्या पलीकडच्या अंगाची बांधणी, बैलगाडीएवढी, सरळ खाली गेली. धूळ वर आली. जाऊ दोरावर लोंबकळत राहिली. तिचे पाय सुटले होते. आम्ही दोघी पोटावर आपटलो पण दोर सुटला नाही. त्या तिघी परत धावत आल्या, काकू सगळ्यात पुढं, आणि पाच जणींनी मिळून तिला वर घेतलं. तिच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. तिनं काठावरून खाली धुळीत वाकून बघितलं. मग मला म्हणाली, "घागर माझ्या माहेरची होती."

काकूंनी तिच्या कानाला पदर लावला, तिला पाणी पाजलं, ते त्यांच्या वाटणीचं होतं, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता बोल. रोज, असं म्हणालीस ना मघाशी?"

संध्याकाळी पंच बसले. माझ्याकडून टेप काढून घेतला. माझ्या घराची पाळी महिनाभर बंद, असा निकाल दिला. त्या निकालाला काही अर्थ नव्हता, कारण विहिरीत आता पाळी घेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. झरा दगडाखाली गेला होता. पण निकाल द्यायला बसलं की द्यावा लागतो. नवऱ्यानं मला मारलं नाही, तो म्हणाला, सेल तरी चांगले घालायचे. त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाही कळलं नसावं.

विहीर पडल्याची बातमी चाकूरला गेली, तिथून पुढं गेली, आणि तिसऱ्या दिवशी टँकर आला. सोबत एक साहेब. त्यानं विचारलं, जीवितहानी किती? सरपंच म्हणाले, नाही. साहेबानं कागदावर ते लिहिलं आणि जरा हिरमुसल्यासारखा दिसला. काकू मला म्हणाल्या, एखादी मेली असती तर दुसऱ्याच दिवशी आला असता. आमच्या दोघींचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं. बाकीच्या बायका वर्षभर मला बघितलं की आवाज खाली ओढून गायच्या, रेड्यासारखा. मला ते ऐकून घ्यावं लागलं. एक-दोघी चांगल्या गायच्या.

टेप सरपंचांच्या घरी पडून राहिला आणि त्यांच्या पोरांनी त्याची वाट लावली. मी परत मागितला नाही.

जाऊ माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. दिवाळीला म्हणाली, अक्का, तुम्ही खोटं बोलला असता तर मी आले नसते. एवढंच म्हणाली आणि शेवया वळायला बसली. मी गप्प बसण्यात जो वेळ घालवला तो तिनं खालून मोजला होता की नाही, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

सासू त्यानंतर अकरा वर्षं जगली. जाऊ अजून आहे. लातूरला धाकट्या मुलाकडं राहते, डाव्या कानानं तिला काही ऐकू येत नाही, उजव्यानं येतं.